खालच्या घराचं छत

नारायण पेठेतल्या ज्या वाड्यात मी वाढले, तिथे 'मालक' हा शब्द आम्ही पोरं शिवीसारखा वापरायचो. दोन खोल्या, सामाईक संडास आणि भाडं महिना १८ रुपये. पावसाळ्यात पत्र्याखाली पातेली मांडायची. रात्री पाऊस किती झाला हे आई सकाळी पातेल्यांकडे बघून सांगायची. मालक दुरुस्ती करत नाही म्हणून वडील चिडायचे, मग स्वतःच्या पैशाने पत्रे बदलून घ्यायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा १८ रुपये मोजून पावती घ्यायचे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली होती, तिथून ती हलायची नाहीत. एवढ्या पैशात मालकाने दुरुस्ती करायची कशातून, हा प्रश्न आमच्या घरात कुणी कधी विचारला नाही. मला तो पडला वयाच्या ५२ व्या वर्षी, स्वतः मालकीण झाल्यावर.

२०१४ च्या नोव्हेंबरात आम्ही कर्वेनगरात एक फ्लॅट घेतला. राहायला सहकारनगरात आमचं घर होतं, हा 'गुंतवणुकीचा'. मी तेव्हा एका सहकारी बँकेत होते, हे शाळेत. दिवसभर दुसऱ्यांच्या मुदत ठेवींच्या पावत्या करणाऱ्या बाईने खरं तर हे करायला नको होतं. त्या वर्षी ठेवीला ९ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होतं, काही न करता, घरबसल्या. पण ह्यांचं म्हणणं, "पावतीला दार-खिडक्या नसतात." शाखेत ज्याच्या-त्याच्या तोंडी दुसरा फ्लॅट होता. मीही पाघळले.

इमारत १९९१ सालची, तीन मजली, लिफ्ट नाही. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, वन बीएचके, ५४० फूट बिल्टअप. किंमत ३८ लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून अडीच लाखांच्या वर, एजंटचा एक टक्का वेगळा. २० लाखांचं कर्ज सव्वादहा टक्क्यांनी, १५ वर्षांचं, हप्ता २१,८००. त्या भागात अशा फ्लॅटला भाडं मिळत होतं १३,०००. म्हणजे दरमहा ८,८०० रुपये खिशातून घालून आम्ही गुंतवणूकदार होणार होतो. हा हिशेब मी ग्राहकाला करून दाखवला असता आणि वर समजावलंही असतं. स्वतःच्या वेळी वहीत लिहिला आणि पान उलटलं.

ती वही म्हणजे दोनशे पानी, लाल कापडी पाठीची. फ्लॅटवर झालेला एकूण एक खर्च आणि तिथे मारलेली एकूण एक फेरी मी त्यात तारखेनिशी टिपत आले. खाली जे आकडे येतील ते त्या वहीतले.

घर विकणारी तीन भावंडं होती. शेअर सर्टिफिकेट वारलेल्या वडिलांच्या नावावर आणि नॉमिनेशन थोरल्याचं. थोरल्याचा ठाम समज की आपण नॉमिनी, म्हणजे आपणच मालक. इथे माझी बँकेतली वर्षं उपयोगी पडली. नॉमिनी हा फक्त सांभाळणारा असतो, मालकी वारसांची, हे मी काउंटरवर शेकडो वेळा लोकांना सांगितलं होतं आणि त्यातल्या निम्म्यांशी भांडणही झालं होतं. तिघांच्या सह्या हव्याच म्हटल्यावर बहीण निघाली अमेरिकेत. तिने तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवायचं, ते इथे आल्यापासून तीन महिन्यांत त्याला मुद्रांक लावून घ्यायचा, असा तो रस्ता. पहिल्या कागदावर तिच्या मधल्या नावाचं स्पेलिंग चुकलं. दुसरा यायला सहा आठवडे गेले. तेवढ्यात थोरल्याला कुणीतरी ४० लाखांची ऑफर दिली, की त्याने तसं सांगितलं, देव जाणे. हे त्याच्या घरी जाऊन दोन तास बसून आले तेव्हा तो ३८ वर परत आला.

वकिलांनी ३० वर्षांचा सर्च काढला. सगळं स्वच्छ, एक ओळ सोडून. जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर होती. सोसायटी नोंदली गेल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने कन्व्हेयन्स करून द्यायचं असतं. इथे वीसहून जास्त वर्षं झाली होती. वकील म्हणाले, "पुण्यात असंच असतं." या एका वाक्याच्या भरवशावर पुण्यात जितके व्यवहार होतात, तितके कायद्याच्या भरवशावरही होत नसतील. आम्हीही केला.

फ्लॅट आम्ही तीनदा बघितला होता. नळ सोडून बघितले, खिडक्या लावून बघितल्या, ह्यांनी तर भिंतींवर बोटं वाजवून कान लावला. ज्या जिन्याने चढलो-उतरलो, त्याच जिन्यावर पहिल्या मजल्याचं दार होतं. त्या दाराची बेल मात्र एकदाही वाजवली नाही.

किल्ली हातात आली त्या संध्याकाळी ते दार आपणहून उघडलं. सत्तरी पार केलेले एक काका वर आले. सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. अभिनंदन वगैरे नाही, नुसतं "जरा खाली येता का?" म्हणाले. त्यांच्या बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये छताला भला मोठा डाग होता. डागाच्या कडेने पेन्सिलीची बारीक रेघ, रेघेशेजारी सुबक अक्षरात तारीख. त्याच्या आत आणखी एक रेघ, आधीची तारीख. त्याच्याही आत आणखी. नकाशावर डोंगराच्या उंचीच्या रेषा असतात ना, तशा. सगळ्यात आतली २०११ ची.

"आधीच्यांना चार वर्षं सांगतोय," काका म्हणाले. "आता तुम्ही."

हे 'आता तुम्ही' कुठल्याच करारनाम्यात नव्हतं. खरेदीखतात चतुःसीमा होत्या, पूर्वेला काय, पश्चिमेला काय. वर-खाली काय ते कुणी लिहीत नाही.

आम्ही ठरवलं होतं की रंग, नवा ओटा, बाथरूमच्या फरश्या एवढंच करायचं. अंदाज सव्वातीन लाखांचा. काकांचं छत बघून आल्यावर बाथरूम मुळापासून उकरायचं ठरलं. शाखेतल्या एकीने मिस्तरी दिले. मूळचे बीडचे. पहिल्याच दिवशी त्यांनी बाथरूमच्या फरशीवर छिन्नीच्या मुठीने दोन ठोके मारले, ऐकलं आणि म्हणाले, "पोकळ हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, गळतंय तिथं पाणी नसतंय. आलेलं कुठून असतंय ते बघावं लागतं." मी मान डोलावली. हे वाक्य पुढे सहा महिन्यांनी कळणार होतं.

जुन्या घराचं काम काढणं म्हणजे आधीच्या माणसांनी काय काय लपवलंय ते एकेक थर काढत बघणं. मोझॅकच्या फरशीवर व्हिट्रिफाइड टाइल चिकटवलेली निघाली. तिच्याखाली जुन्या सांध्यांत पांढरं सिमेंट चोपडलेलं. त्याखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा, तो ओला किच्च, हातात घेतला तर भाकरीच्या पिठासारखा चुरत होता. आणि तळाशी नहाणी ट्रॅप. त्याच्या गळ्यालाच चीर. त्याला जोडलेला बिडाचा पाइप गंजून पापुद्रे सुटलेला. "बीडचा मिस्तरी आन् बिडाचाच पाइप," मिस्तरी स्वतःच हसले. पाण्याचे जीआय पाइप कापले तर आत गंजाने जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक उरलं होतं. वरच्या मजल्यावर पाणी बारीक येतं म्हणून सोसायटीच्या सभेत दहा वर्षं भांडणं चालली होती. त्यातली निम्मी या भोकातली असावीत.

सगळे पाइप बदलून सीपीव्हीसी घातले. म्हणजे सव्वातीनचे सव्वाचार झाले. वाळू मिळत नव्हती म्हणून क्रश सँड. लिफ्ट नाही म्हणून प्रत्येक पोत्याला मजल्यामागे वेगळी मजुरी. राडारोडा खाली नेण्याची वेगळी, टेम्पोची वेगळी. सोसायटीची कामासाठीची १०,००० अनामत. फलकावर नियम की काम १० ते ५ आणि दुपारी १ ते ४ ठोकाठोक बंद. पुण्यात हा नियम लेखी द्यावा लागतो हेच नवल. आता १० ते ५ मधून १ ते ४ वजा केले की उरले चार तास, आणि त्यातला पहिला तास मजूर येण्यात जायचा. दीड महिन्याचं काम चौथ्या महिन्यात गेलं. त्या चार महिन्यांचे हप्ते चालूच होते. भाडं शून्य.

बँकेतून सुटले की मी रोज संध्याकाळी फ्लॅटवर. फरशी बसवणारे राजस्थानचे, पीओपीवाला बंगालचा, बिगारी जोडपं परभणीकडचं. बाई डोक्यावरून घमेलं वाहत दोन जिने चढायची आणि तिचं दीड वर्षाचं पोर आमच्या रिकाम्या हॉलमध्ये सिमेंटच्या पोत्यावर झोपलेलं असायचं. मी पहिल्या आठवड्यात चार लाद्या कमी भरल्याबद्दल कुणावर तरी आवाज चढवला होता. त्या पोराकडे बघून पुढे चढवला नाही, एवढंच.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर बाथरूमच्या तोंडाला बोळा घालून चार इंच पाणी भरून ठेवलं. भिंतीवर पाण्याच्या पातळीला मिस्तरींनी खडूने खूण केली. ४८ तासांनी पाणी खुणेवरच. खाली काकांनी छताला तळहात लावून बघितला, मग उलटा हात लावून बघितला आणि म्हणाले, "थंड नाहीये." ड्राफ्ट्समनच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. एकूण खर्च ५ लाख ४० हजार. फ्लॅट आम्हाला सगळं धरून ४६ लाखांच्या वर पडला. वर्षाचं भाडं १ लाख ५६ हजार. शेकडा सव्वातीन-साडेतीन. ठेवीवर ९.

मे २०१५ मध्ये पहिले भाडेकरू आले, लातूरकडचं नवं जोडपं, दोघं आयटीत. इथे एक गोष्ट जरा विस्ताराने सांगते, कारण अजूनही लोक चुकतात. अकरा महिन्यांचा करार आहे, मग नोंदणी कशाला, नोटरी पुरे, असं म्हणणारे माझ्या ओळखीतच दहा जण निघतील. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार अकरा महिने असो की तीन, लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. तो करण्याची जबाबदारी मालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून बोचरी गोष्ट म्हणजे वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. आणि हे सगळं टाळायला लागतं काय? एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक, अनामतीवरच्या मानीव व्याजासकट, आणि शहरात नोंदणीचे १,०००. आम्हाला चौदाशेच्या आसपास पडले. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यायची. वाड्यातल्या आमच्या मालकांकडे यातलं काही नव्हतं. त्यांना आम्ही जन्मभर बाहेर काढता आलो नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. "रेघेच्या बाहेर आलंय."

मी म्हटलं पाऊस असेल. मिस्तरींना बोलावलं, ते म्हणाले पाऊस असेल. सेक्रेटरी म्हणाले, तुमच्या बाथरूमचं आहे, सोसायटीचा संबंध नाही. जुलै गेला. काकांच्या छतावर नव्या रेघा वाढत होत्या, मे महिन्याच्या रेघेबाहेर जून, त्याबाहेर जुलै. मी त्यांचा फोन आला की आधी पाणी पिऊन मग उचलायला लागले. ह्यांनी तर एकदा सुचवलं, विकून टाकू. कुणाला? आणि त्या 'कुणाला' तरी काका 'आता तुम्ही' म्हणणारच.

कोडं सोडवलं काकांनी. लातूरचं जोडपं ऑगस्टच्या सुरुवातीला पाच दिवस गावाला गेलं होतं. वर माणूस नाही, बाथरूम कोरडं ठणठणीत, तरी पाच दिवसांत डाग बोटभर सरकला. काकांनी मला खाली बोलावून कागदावर काढून दाखवलं. नहाणीतून गळत असतं तर वापर बंद असताना डाग थांबला असता. थांबला नाही. म्हणजे सांडपाणी नव्हे. सतत दाबाखाली असलेलं पाणी आहे, येणारी लाइन. "मेन कॉक दोन दिवस बंद ठेवा," म्हणाले. बिचाऱ्या जोडप्याने दोन दिवस बादल्यांवर काढले. डाग हलला नाही. कॉक सोडला, तिसऱ्या दिवशी हलला.

मिस्तरी आले. बाथरूमकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, सरळ स्वयंपाकघरात गेले. बाथरूम आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंत एकच. ओट्याखालची ट्रॉली उपसून काढली. मागच्या भिंतीत ट्रॉलीच्या पट्टीचा एक स्क्रू. तो काढला आणि भोकातून सुईएवढी धार माझ्या पदरावर आली. ट्रॉलीवाल्याने पट्टी बसवताना भिंतीतल्या नव्या कोऱ्या पाइपमध्येच स्क्रू घातला होता. स्क्रूनेच भोक बुजलेलं, म्हणून पाणी एकदम न येता थेंबथेंब झिरपत होतं, स्लॅबवरून वाट काढत काकांच्या पॅसेजपर्यंत. गळतंय तिथं पाणी नसतंय.

दुरुस्तीचा खर्च ८५० रुपये. काकांनी त्या दिवशी शेवटची रेघ मारली, १७ ऑगस्ट २०१५. छत मी रंगवून देते म्हटलं तर नको म्हणाले. "रंग दिला की कळत नाही."

त्यानंतरची वर्षं वहीत आहेत, सगळी सांगत बसत नाही. फ्लॅट रिकामा राहिला असे एकूण ११ महिने. गीझर दोनदा, मिक्सर नळ चारदा, बाथरूमचं दार एकदा, आणि खिडकीची जाळी इतक्यांदा की मोजणं सोडलं. सोसायटी 'भाडेकरू शुल्क' म्हणून महिना ५०० लावत होती. १ ऑगस्ट २००१ च्या शासनाच्या आदेशानुसार बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आमचं सेवा शुल्क ९०० होतं, म्हणजे ९० रुपये. मी आदेशाची प्रत सभेत ठेवली. ५०० चे ९० झाले आणि तेव्हापासून सेक्रेटरी जिन्यात दिसले की चपलेचा अंगठा नीट करायला वाकतात. पैशात माझा फायदा झाला. पाण्याच्या टँकरच्या दिवशी टाकीचा कॉक आधी कुणाचा उघडतो, हे बघितलं तर झाला की नाही सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र वहीत नाही. २०१७ साली एक तरुण आला होता. रुग्णालयात तंत्रज्ञ, बोलायला नम्र, अनामत पूर्ण द्यायला तयार, त्याची आई बरोबर राहणार होती. त्याने नाव सांगितलं, आणि सेक्रेटरींनी मला बाजूला घेऊन "विचार करा हं, बाकीचे सभासद..." एवढंच म्हटलं. असं अडवण्याचा सोसायटीला काही अधिकार नाही हे मला ठाऊक होतं. तरी मी त्या मुलाला संध्याकाळी फोन करून "दुसऱ्यांना शब्द दिला होता" म्हणाले. तो म्हणाला, "हरकत नाही मॅडम." त्या आवाजात सवय होती. नंतर फ्लॅट दोन महिने रिकामा पडून होता. २६,००० चं नुकसान वहीत लिहिलं, कारणाचा रकाना कोरा ठेवला.

पुढच्या वर्षी जवळच्या अभियांत्रिकी कॉलेजातल्या तीन मुली ठेवायच्या म्हटल्यावर पुन्हा तेच 'विचार करा' आलं. या वेळी मी विचार केला नाही. त्या मुली दोनेक वर्षं राहिल्या. दिवाळीला काकांकडे फराळाला जायच्या आणि त्यांच्या वरणाला फोडणी द्यायच्या. सोसायटीत ज्यांनी सगळ्यात जास्त विरोध केला होता, त्यांच्या नातवाला त्यातली एक गणित शिकवायला लागली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा शेवटच्या वर्षाला होत्या, एका रात्रीत गावी गेल्या. त्या एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने मालकांना निदान तीन महिने भाडं पुढे ढकलायला सांगितलं होतं. आम्ही ढकललं काय आणि माफ केलं काय, त्यांच्या गाद्या, कुकर, पुस्तकं फ्लॅटमध्ये आणि त्या तीन गावांत. चार महिन्यांचं भाडं सोडलं. हप्ता बँकेने सोडला नाही. मुदतवाढ घेता आली असती, पण मुदतवाढीतही व्याज धावत असतं हे मी स्वतःच दिवसभर लोकांना सांगत होते.

मी निवृत्त झाले तेव्हा एक दिवस निवांत बसून वही बेरजेला घेतली. पहिलं नूतनीकरण आणि कर्जाचं व्याज बाजूला ठेवलं, नुसता दहाएक वर्षांचा चालू हिशेब धरला. भाडं आलं १६ लाख ९० हजार. घरपट्टी ७५ हजार. (घरपट्टीत पुणे महापालिकेची ४० टक्के सवलत असते, पण ती स्वतः राहणाऱ्याला, आमच्यासारख्यांना नाही.) सोसायटीचं मेंटेनन्स, दुरुस्त्या, एजंट, करार मिळून ४ लाख ९० हजार. प्राप्तिकर खातं भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा करून वर ३० टक्के सरसकट सूट देतं, दुरुस्तीबिरुस्तीसाठी, पावत्या न मागता. मी माझा खर्च त्याच रीतीने काढला तर आला ३० टक्के आणि वर काही पैसे. तो नियम ज्याने लिहिला, त्याच्या स्वतःच्या मालकीचा एखादा गळका फ्लॅट असणार याबद्दल माझी खात्री आहे.

मग फेऱ्या मोजल्या. २१४. सहकारनगर ते कर्वेनगर, रिक्षा, स्कूटर, पावसात एकदा चालत. वहीत मजुरीचा रकाना नव्हता. तो घातला असता तर निव्वळ भाड्याच्या रकान्यात फार काही उरलं नसतं. फ्लॅटची किंमत वाढली, ते खरं. पण ती कर्वेनगरने वाढवली, मी नाही. मी जे केलं त्याचे पैसे भाड्यात आले, आणि त्या पैशांना व्याज म्हणण्यात मी इतकी वर्षं चूक करत होते. व्याज झोपेत मिळतं. हे जागून मिळवलेलं होतं. ज्या मालकाला त्या १८ रुपयांत जागणं परवडेना, तो झोपला, आणि त्याचा वाडा आमच्या पातेल्यांत गळत राहिला. वडील आता नाहीत, नाहीतर त्यांना सांगितलं असतं. त्यांना पटलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडून मानीव अभिहस्तांतरण करून घेतलं. जमीन सोसायटीच्या नावावर आली आणि लगेच पुनर्विकासाच्या गोष्टी सुरू झाल्या. पार्किंग, लिफ्ट, सात मजले, प्रत्येकाला जादा फूट. ज्या बाथरूमवर मी चार महिने घालवले ते बुलडोझर एका सकाळी पाडेल. गेल्या सभेत सभासदांनी आपापल्या मागण्या लेखी द्यायच्या होत्या. कुणी पूर्वेचा फ्लॅट मागितला, कुणी दोन पार्किंग, सेक्रेटरींनी भाड्याची रक्कम वाढवून मागितली.

काका ८४ वर्षांचे आहेत. त्यांनी ड्रॉइंगच्या सुबक अक्षरात एकच ओळ लिहून दिली, ती इतिवृत्तात नोंदली गेली आहे. नव्या इमारतीत त्यांना सगळ्यात वरचा मजला हवा आहे.